आकडा पहिल्या गाडीनं यायचा

पौडच्या स्टँडवर गाडी वळायच्या आत मी दारातून हात बाहेर काढायचो. आधी दोन बोटं, मग चार. म्हणजे चोवीसची जोडी. मूठ म्हणजे शून्य. सहापासून पुढचा आकडा असला की दोन्ही हात लागायचे, दांडी सोडावी लागायची आणि ड्रायव्हर पुढून ओरडायचा, “पडशील की रं!” खाली झाडाखाली आठ-दहा माणसं उभी असायची. पावसाळा असला तर डोक्यावर इरली. माझी बोटं बघून दोघं-तिघं हसायचे, बाकीचे बिडी विझवून चालू लागायचे.

१९७७-७८ ची गोष्ट. स्वारगेटहून सुटणारी सकाळची पहिली गाडी. रात्री नऊच्या सुमाराला मुंबईत रतन खत्रीच्या मटक्याचा ओपन फुटायचा, बाराला क्लोज. पुण्यात तो फोननं पोचायचा. पण पौडच्या पुढं कोळवण, माले, ताम्हिणी या बाजूला रात्री कोण कुणाला फोन करणार? तिकडं आकडा एसटीनं जायचा, म्हणजे माझ्याबरोबर जायचा. वेबिलात त्याची नोंद नसायची, एवढंच.

फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्यांतल्या एकानं पुढं घरावरचे पत्रे विकले. त्याची बायको एकदा गाडीत चढली, तिकीट काढलं आणि म्हणाली, “कंडक्टरभाऊ, उद्या हात बाहेर काढू नका.” मी दोन दिवस काढला नाही. तिसऱ्या दिवशी काढला.

हे सगळं आठवायचं कारण जरा लांबचं आहे. हिंजवडीतून अमेरिकेला गेलेल्या मुलाकडं २०१८ साली आम्ही दोघं सहा महिने राहून आलो. तो असतो फिनिक्सला. तिथून पाच तास गाडी मारून त्यानं आम्हाला लास व्हेगासला नेलं. झगमगाट बघून हिचं डोकं दुखायला लागलं, म्हणून तो म्हणाला, जुन्या गावात जाऊ, फ्रीमाँट स्ट्रीटला. तिथं एल कोर्टेझ नावाचं १९४१ सालचं हॉटेल आहे. आत पाऊल टाकलं आणि माझ्या कानावर जो आवाज आला तो मी निवृत्त झाल्यापासून ऐकला नव्हता. पत्र्याच्या ताटलीत नाणी पडल्याचा. पस्तीस वर्षं कातडी बॅग काखेत घेऊन फिरलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे काय ते कसं सांगू! मी हिला तिथंच उभी ठेवली आणि आवाजाच्या मागं गेलो.

त्याचं पुढं सांगतो. आधी आकड्याचं.

आकडा मुळात आला कापसातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला, किती बंद झाला, हे टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला कळायचं आणि लोक त्या भावाच्या आकड्यांवर पैज लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले. मग १९६२ साली वरळीत कल्याणजी भगत या कच्छी गृहस्थानं स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली. दोन वर्षांनी, फाळणीत कराचीहून आलेल्या रतन खत्रीनं आपला वेगळा काढला. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. पुढं मडकं गेलं आणि पत्ते आले, नाव मात्र तेच राहिलं. तीन पत्ते ओढायचे, बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा आकडा तो ओपन. पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ, जोडी लागली तर नव्वद. दहात एकदा येणाऱ्या गोष्टीला नऊच मिळणार, म्हणजे रुपयातले दहा पैसे पेढीचे. हे गणित चौथी नापास माणसालाही यायचं. तरी तो लावायचाच, आणि का लावायचा याचं उत्तर गणितात नाही.

मुळशीला हा नाद लागला तो मुंबईच्या वाटेनं. आमच्या तालुक्याची मुंबईशी नाळ जुनी. टाटांच्या धरणात मुळशी खोऱ्यातली पन्नासेक गावं बुडाली. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह सुरू झाला, माणसं तुरुंगात गेली, धरण व्हायचं ते झालंच. भातखाचरं गेलेल्या घरांतले तरणे मुंबईला गेले. मुंबईत डबे पोचवणारे लोक मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या भागांतलेच, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. गिरण्यांच्या दारात डबा नेणारा माणूस गिरणीच्या दारातला मटका बघतोच. शिमग्याला घरी येताना तो लुगडं आणायचा, बत्तासे आणायचा आणि एखादी पक्की जोडीही आणायचा.

आता माझे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, घोटवड्याचे. सात म्हशी. रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन घोटवडे फाट्यावर यायचे. माझी परतीची गाडी आली की टपावर किटल्या चढायच्या आणि ते माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे. चांदणी चौकाचा उतार, कोथरूड, मग कर्वे रोड. पुण्यात दूध घालायची त्यांची दोन-तीन ठिकाणं होती, त्यातलं शेवटचं एक इराण्याचं हॉटेल. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं पुण्यातच आहेत आणि चांगली माणसं आहेत.

साडेआठला दूध उतरलं की दाजींचं काम संपायचं. परतीची गाडी अकराची. मधले अडीच तास इराण्याकडं. संगमरवरी टेबल, त्यावर कपबशीचे कधीच न पुसले जाणारे गोल. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. काउंटरवर काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. भिंतीवर बिलोरी आरसे, म्हणून आत शिरलेला प्रत्येक माणूस चार वेळा दिसायचा. दाजी बन मस्का घ्यायचे. बन मधोमध चिरून आत लोणी चोपडलेलं, वर त्यांच्यासाठी म्हणून साखर भुरभुरलेली, कारण लोणी त्यांच्याच म्हशीच्या दुधाचं आहे असा त्यांचा ठाम समज होता. नव्हतं. मी इराण्याला विचारलं होतं, तो नुसता डोळे मिचकावून हसला. बन चहात बुडवला की लोण्याचे पिवळे थेंब वर तरंगायचे. ते आधी फुंकर घालून बाजूला सारायचे, चहा प्यायचा आणि शेवटच्या घोटाबरोबर लोणी घ्यायचं, अशी दाजींची रीत.

मुदपाकखान्याच्या दाराशी एक टेबल होतं, तिथं रायटर बसायचा. मटक्याच्या धंद्यात चिठ्ठी लिहून घेणाऱ्याला रायटर म्हणतात. कानावर पेन्सिल, पुढं कार्बन घातलेलं छोटं चिठ्ठीबुक. तो इराण्याचा कुणी लागत नव्हता, भाडंही देत नव्हता. पण अकरा वाजता त्याच्यापुढं खिमा-पाव यायचा आणि त्याचे पैसे तो रोख मोजायचा. इराण्याचा हिशेब सरळ होता. ज्याला आकड्याची वाट बघायची आहे तो माणूस एका चहावर उठत नाही.

दाजी रोज एक रुपया लावायचे. कमी नाही, जास्त नाही. एखाद्या सणाला दीडसुद्धा नाही. चिठ्ठी बशीखाली ठेवायची आणि मग खरी मैफल सुरू व्हायची. आज काय येणार? कुणाच्या अंगावर पाल पडलेली, कुणाच्या स्वप्नात मेलेला चुलता येऊन तीन भाकऱ्या मागून गेलेला. एक निवृत्त शिरस्तेदार होते, ते जुन्या आकड्यांचे तक्ते घडी घालून खिशात बाळगायचे आणि त्यावर लाल पेन्सिलीनं रेघा ओढायचे. माझ्याकडं सगळे तिकिटाचा नंबर मागायचे. दिवसाच्या पहिल्या तिकिटाच्या शेवटच्या तीन आकड्यांची बेरीज करून लावणारा एक पंथच होता. त्या बेरजेनं लागलेली एक जोडी मला ठाऊक आहे. न लागलेल्या कुणी मोजल्या नाहीत, मीही नाही.

मला मटक्याची गोडी कधी लागली नाही. त्या टेबलाची लागली. माझी सुट्टी असायची त्या दिवशीही मी पौडहून उठून तिथं जाऊन बसायचो. बायको म्हणायची, रजेच्या दिवशीसुद्धा तुम्हाला एसटीच कशी लागते? तिला काय सांगणार? सकाळी नऊला चिठ्ठी लिहिली आणि रात्री नऊला ओपन. बारा तास. आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीपर्यंत, म्हणजे बावीस तास. एका रुपयात बावीस तास मनात काहीतरी हलत राहायचं. सिनेमाचं तिकीट काढलं तर तीन तासांत संपतं. दुपारी शेण काढताना, धार काढताना, जेवताना दाजींच्या मनात तो एक आकडा असायचा. हरायची मुभा दिवसातून दोनदाच होती. एकदा ओपनला, एकदा क्लोजला.

सरकारलाही हे वाट बघणं विकायची अक्कल होतीच. महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली १२ एप्रिल १९६९ ला, आणि मटक्याला आळा बसावा हा तिचा एक उद्देश होता. तिकिटं छापील, सोडत जाहीर, बक्षीस मोठं. पण सोडतीची तारीख लांब, आणि शिवाय तिकीट घेऊन बसायला टेबल कुठं होतं? लॉटरीवाला पदपथावर उभा. दाजींनी दोनदा तिकीट घेतलं आणि सोडलं. त्यांचं म्हणणं, “येवढा येळ कोन थांबतंय?” वाट पाहण्यालाही माप लागतं, मिठासारखं.

जुगाराचा कायदा आपल्याकडं १८८७ चा आहे, मूळ नाव मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. त्यात कौशल्याच्या खेळाला मुभा. घोड्यांच्या शर्यती त्या मुभेत बसतात, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानंही शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. पुण्याचा शर्यतींचा मोसम पावसाळ्यात असतो. आमच्याकडं भाताच्या आवणीला माणूस मिळत नाही, तेव्हा कॅम्पात घोडी पळतात. मुळशीतून तिकडं कुणी फारसं गेलं नाही. दाजी एकदा गेले, घोडी बघितली, म्हशीपेक्षा पाय बारीक म्हणाले आणि परत आले.

मग इराण्यानं हॉटेल आवरलं. ते साल १९८८. डेक्कनचं लकी, कॅम्पातलं नाझ हीसुद्धा पुढं गेली, १९३५ पासूनचं गुडलक मात्र राहिलं. तोपर्यंत मटक्याचा जोरही ओसरला होता. आणीबाणीत खत्री एकोणीस महिने तुरुंगात होता, सुटल्यावर धंदा पुन्हा उभा राहिला, पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि रोजचा रुपया लावणारा माणूसच मुंबईतून उठून गेला. दाजी दूध डेअरीला घालायला लागले. डेअरीत बसायला बाक नव्हता.

नव्वदच्या दशकात पुण्यात व्हिडिओ गेम पार्लरं आली. करमणुकीचा परवाना, दाराला काळी काच, आत थंडगार. पोरांनी गाड्या उडवायच्या, माकडांनी पिंपं फेकायची, असले खेळ पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत टीव्हीसारख्या पडद्यावर पाच पत्ते. खाली पाच बटणं. नको तो पत्ता सोडायचा, त्याच्या जागी दुसरा येतो. जोडी, तिर्री, रन, कलर, ज्यानं तीन पत्ती खेळलीय त्याला सगळं ओळखीचं. पैसे यंत्रात टाकायचे नाहीत. किल्लीवाल्या पोराला द्यायचे, तो किल्ली फिरवून पॉइंट चढवतो. जिंकलात तर पुन्हा किल्ली फिरवून पॉइंट उतरवतो आणि कोपऱ्यात नेऊन हातात नोट सरकवतो. कागदोपत्री ही नुसती करमणूक.

दाजी तिथं कसे गेले हे मला आजही नीट माहीत नाही. १९९४ च्या आसपास मार्केट यार्डात पेंड आणायला जायचे, त्यातून कुणीतरी नेलं असणार. एकदा त्यांना शोधत मी गेलो. बाहेर ऊन, आत रात्र. खुर्च्या एकमेकींकडं पाठ करून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. स्वप्नातला चुलता नाही, पाल नाही, शिरस्तेदारांचा तक्ता नाही. दाजींच्या बाजूला प्लॅस्टिकच्या कपात चहा होता, त्यावर साय धरली होती. मी पाच मिनिटं मागं उभा राहिलो. तेवढ्यात ते तीस-चाळीस वेळा हरले आणि पाच-सहा वेळा जिंकले. मटक्यात एवढं हरायला तीन आठवडे लागले असते.

आणि त्या यंत्रात खरोखर बावन्न पत्ते होते का? कुणाला ठाऊक! १९९५ साली कर्नाटकच्या एम. जे. सिवानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ गेमवर सरकारनं नियंत्रण ठेवणं योग्य ठरवलं, आणि यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याची संधीच काढून घेता येते हेही त्यात पुढं आलं. आमच्या किल्लीवाल्या पोराला हे निकालाआधीच माहीत असावं.

इथं एक गंमत सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा होता. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण आणि कर) अधिनियम, १९७६. विधिमंडळानं संमत केला, पण अंमलात आणायचा दिवस काही उगवला नाही. तब्बल सत्तेचाळीस वर्षं तो कपाटात पडून राहिला आणि २०२३ साली रद्द झाला. त्याच १९७६ साली गोव्यातही जुगाराचा कायदा झाला, तो बंदीचा. गोव्यानं १९९२ साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली, १९९६ च्या दुरुस्तीनं बोटीवर टेबलांचे खेळ आले. म्हणजे ज्यांनी परवानगीचा कायदा केला त्यांच्याकडं कॅसिनो झाला नाही, आणि ज्यांनी बंदीचा केला त्यांच्याकडं झाला. पुण्या-मुंबईत कॅसिनो व्हायला हवा होता, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, हो किंवा नाही म्हणा. यंत्रं तर मागच्या खोलीत चालूच होती, तपासणारं कुणी नव्हतं.

हिंजवडी, माण या बाजूला कंपन्या आल्या आणि आमच्या तालुक्यात गुंठामंत्री नावाची नवी जात जन्माला आली. दाजींच्या पुतण्याची जमीन गेली, पैसे आले, पांढरी गाडी आली. २००९ साली, मी निवृत्त झालो त्याच वर्षी, तो आम्हा दोघांना गोव्याला घेऊन गेला. पणजीत मांडवीच्या पात्रात दिव्यांनी मढवलेल्या बोटी. धक्क्यावरून छोट्या लाँचनं तिकडं जायचं. प्रवेशाच्या पैशांत खाणं-पिणं सगळं. दाजींनी चूल बघावी तशी एकेक भांड्याची झाकणं उघडून बघितली. पनीर, बिर्याणी, नूडल्स, आणि कोपऱ्यात माशाची आमटी न् भात. आम्ही आमटी-भात घेतला. चांगला होता. पण ताट अर्धं झालं की पोरगा ते उचलायला टपलेला, आणि पुतण्या येऊन दोनदा म्हणाला, “काका, जेवायला आलाय का खेळायला?” यंत्रं होती, रांगाच्या रांगा. नाणं कुठंच नाही, कार्ड. दाजींनी कार्ड उलटं-सुलटं करून बघितलं आणि मला दिलं. पुतण्यानं त्या रात्री किती घालवले ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत जायला मनाई आहे. अंगण ज्यांचं त्यांनाच पंगतीत पान नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या झोपलेला असताना आम्ही दोघं पणजीत पायी भटकलो आणि कॅफे भोसलेमध्ये शिरलो. बन, पातळ भाजी, मिरची भजी, चहा. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे एकच वर्तमानपत्र मधोमध फाडून वाचत बसले होते. दाजींनी बन चिरला, चहात बुडवला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच मला म्हणाले, “हितं आकडा लावत असतील का रं?”

२०१३ ला ते गेले. एल कोर्टेझ त्यांनी बघायला हवं होतं.

तिथल्या जुन्या यंत्रांत तेव्हाही नाणी चालायची. पाव डॉलर, म्हणजे त्यांची पावली. आमची पावली ३० जून २०११ ला चलनातून गेली. मुलानं मला वीस डॉलरची नाणी आणून दिली, कागदात गुंडाळलेल्या चाळीस-चाळीसच्या दोन गुंडाळ्या. मी काउंटरच्या कडेवर आपटून गुंडाळी फोडली. स्वारगेट डेपोत सुट्ट्या पैशांची अशीच फोडायचो. पडद्यावर पाच पत्ते आणि खाली पाच बटणं. पुण्याच्या मागच्या खोलीतलंच यंत्र, पण एक फरक होता. काचेवर तक्ता छापलेला, कुठल्या हाताला किती मिळणार तो. मुलगा संगणकवाला, त्यानं समजावून सांगितलं. नेवाडात पडद्यावरच्या पत्त्यांनाही खऱ्या बावन्न पत्त्यांचाच न्याय लागतो, असा नियम आहे. त्यामुळं तक्ता वाचला की यंत्राचं पोट कळतं. फुल हाऊसला नऊ आणि फ्लशला सहा देणारं यंत्र बिनचूक खेळलं तर शंभरातले साडेनव्याण्णव परत येतात. आठ आणि पाच देणारं असेल तर सव्वासत्त्याण्णव. म्हणून जुने लोक आधी तक्ता वाचतात, मग बसतात. मी म्हटलं, वेबिल बघून गाडी घेतात तसंच की.

हे यंत्र घराघरात माहीत केलं ते साय रेड नावाच्या माणसानं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. मिसिसिपीत दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्या कुळाचं पोर. इतरांना वाटत होतं की जुगारी माणसाला डोकं चालवायला लावलं तर तो पळून जाईल. झालं उलटंच. पत्ता ठेवायचा की सोडायचा हे आपल्या हातात आहे, एवढ्यावर माणूस तासन्‌तास बसला.

मुलगा म्हणाला, पाच नाणी टाका, मोठ्या हाताला चार हजार मिळतात, एका नाण्याला अडीचशेच. मी म्हटलं, एका तिकिटाला एक नाणं. एक टाकायचं, पत्ते बघायचे, विचार करायचा. सराईत माणूस तासाला पाचशे-सहाशे हात खेळतो म्हणे. माझे दोन तासांत शंभर-सव्वाशे झाले असतील. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती, तीही सावकाश खेळत होती. मधेच आम्ही उठून तिथल्याच खाण्याच्या जागी गेलो. गोमांसाचा पदार्थ तिथं फार नावाजलेला, तो आमच्या कामाचा नव्हता. अंडी आणि त्याच्याबरोबर बटाट्याचा कीस घेतला, चांगला खरपूस परतलेला. अंडी वगळली तर एकादशीला चालला असता. वाढणारी बाई कॉफी संपायच्या आत कप भरून जात होती आणि उठा म्हणत नव्हती. त्या रस्त्यावर हे जुनंच आहे. पलीकडच्या गोल्डन गेटमध्ये १९५९ पासून पन्नास सेंटला कोळंबीचा पेला मिळायचा, लोक कोळंबीसाठी यायचे आणि नाणी टाकून जायचे. एल कोर्टेझचा जुना मालक जॅकी गॉन हॉटेलातच वरच्या मजल्यावर राहायचा आणि रोज खाली उतरून गिऱ्हाइकांत बसून पत्ते खेळायचा, २०१४ साली वारला. इराणी काउंटरवर बसायचा, हा टेबलावर. धंदा एकच, माणसाला उठू द्यायचं नाही, आणि उठू न देण्याची चांगली रीत म्हणजे गरम खाणं आणि सावकाशी.

ती सावकाशी आता तिथंही उरणार नाही असं मुलगा म्हणतो. आपल्याकडं तर ती केव्हाच गेली. आकडा वहीतून यंत्रात गेला, यंत्रातून फोनमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं केलं. माझ्या ओळखीची दोन पोरं रमीत बुडालेली, चहा न पिता.

दोन तासांनी माझ्याकडं अकरा नाणी उरली. दहा मुलाला परत दिली.

दाजींच्या माघारी बहिणीनं त्यांची चोपडी मला दिली. डाव्या बाजूला दुधाचा हिशेब, उजव्या बाजूला आकडे, १९७७ ते १९८८. डाव्या बाजूची बेरीज त्यांनी महिन्याच्या महिन्याला केली होती, उजव्या बाजूची एकदाही नाही. ती मी केली, कंडक्टरची खोड. अकरा वर्षांत त्यांनी लावले ३,२६८ रुपये, परत आले २,८८०. तोटा ३८८ रुपये, रुपयामागं बारा पैसे.

व्हिडिओ गेमच्या चार वर्षांचं काहीच लिहिलेलं नाही. त्या चार वर्षांत गोठ्यातल्या सात म्हशींच्या पाच झाल्या, एवढं बहिणीला आठवतं.